एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) फुल असतं, मग टीव्हीचा आकडा दरवेळी वेगळा का? फूटीची गर्दी आणि रेटिंग कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या (इथे त्याला फूटी म्हणतात), म्हणजे एएफएल या लीगच्या सगळ्या मॅचेस टीव्हीवर लाइव्ह दिसतात, तरी मेलबर्नमध्ये एकेका मॅचला ८०-९० हजार लोक मैदानात कसे जातात? टीव्हीमुळे गर्दी कमी का होत नाही? आणि रेटिंगच्या बातम्यांमध्ये एकाच मॅचचे दोन-तीन वेगळे आकडे येतात, त्यातला खरा कुठला?

मी इथे मेलबर्नमध्ये मीडिया एजन्सीत टीव्हीवरची जाहिरातीची जागा विकत घ्यायचं काम करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे सोमवारी सकाळी वीकेंडचे आकडे उघडून बसणं हा माझा धंदाच आहे. सविस्तर लिहितो कारण या विषयावर फार ठोकून दिलं जातं.

आधी आकाराचा अंदाज घ्या. आपल्याकडच्या लोकांना एमसीजी माहीत असतं ते क्रिकेटमुळे. २०२२ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधल्या भारत-पाकिस्तान मॅचला ९०,२९३ लोक होते, आणि २०२४ ची बॉक्सिंग डे टेस्ट पाच दिवसांत मिळून ३,७३,६९१ लोकांनी पाहिली. आपल्याला वाटतं, बापरे! पण फूटीत ९० हजारांचा आकडा वर्षातून अनेकदा लागतो. दर २५ एप्रिलला ॲन्झॅक डेला, म्हणजे इथल्या युद्धस्मृतीच्या दिवशी, कॉलिंगवूड आणि एसेंडन हे मेलबर्नचे दोन क्लब खेळतात, १९९५ ला हे सुरू झालं तेव्हा पहिल्याच वर्षी ९४,८२५ लोक आले आणि मॅच टाय झाली, दोघांचे १११-१११, आणि २०२३ ला हाच आकडा ९५,१७९ होता. साध्या लीग मॅचचा रेकॉर्ड तर अजूनही १९५८ चा आहे, मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवूड, ९९,३४६. ग्रँड फायनलचा, म्हणजे सीझनच्या शेवटच्या, कप ठरवणाऱ्या मॅचचा, १९७० चा, १,२१,६९६, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड. तो आता मोडणारच नाही कारण तेव्हा लोक उभ्याने बघायचे, आता सगळीकडे खुर्च्या आहेत आणि एमसीजीत लाखभरच माणसं मावतात.

अख्ख्या सीझनचं बोलायचं तर १८ क्लब, लीगच्या २०७ मॅचेस आणि वर फायनल्स, म्हणजे शेवटच्या बाद फेरीच्या मॅचेस, आणि २०२३ पासून वर्षाची एकूण हजेरी ८० लाखांच्या वर जातेय, सरासरी मॅचमागे ३६ हजारांच्या वर. देशाची लोकसंख्या आहे साधारण पावणेतीन कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं नीट कळतं.

आता टीव्ही गर्दी खातो का. ही भीती टीव्हीइतकीच जुनी आहे. ऑस्ट्रेलियात टीव्ही आला १९५६ ला, आणि १९५७ ला तेव्हाच्या व्हीएफएलने, म्हणजे आजच्या एएफएलच्याच जुन्या नावाच्या लीगने, मॅचच्या चार क्वार्टरपैकी फक्त शेवटचा क्वार्टर लाइव्ह दाखवायला परवानगी दिली. थोड्याच वर्षांत लीग घाबरली, लोक घरी बसतील, गेटचे पैसे बुडतील म्हणून लाइव्ह बंद करून रिप्लेवर भागवलं. मेलबर्नच्या माणसाला घरात बसून ग्रँड फायनल लाइव्ह बघायला मिळाली थेट १९७७ ला! वीस वर्षं ही भीती चालली. आणि १९७७ च्या त्या फायनलला मैदानात १,०८,२२४ लोक होतेच.

मग १९८२ ला साउथ मेलबर्न हा क्लब उचलून सिडनीला नेला, त्याच्या रविवारच्या मॅचेस मेलबर्नमध्ये लाइव्ह दिसायला लागल्या, १९९० ला लीगचं नावच एएफएल झालं. २०१२ पासून तर दर आठवड्याच्या नऊच्या नऊ मॅचेस फॉक्स या वर्गणीच्या चॅनलवर लाइव्ह. त्यानंतर काही वर्षं सरासरी हजेरी खरंच उतरली, २०१४ च्या सुमारास ३२-३३ हजारांवर आली होती, आणि तेव्हा सगळीकडे हेच चाललं होतं की बघा, टीव्हीने घात केला. पण त्याच सुमारास लीगमध्ये दोन नवे क्लब आले होते, २०११ ला गोल्ड कोस्ट आणि २०१२ ला पश्चिम सिडनीचा जीडब्ल्यूएस जायंट्स. दोघांचीही मैदानं छोटी, दोघंही रग्बी लीगच्या प्रदेशात, जुन्या क्लबांच्या मानाने गर्दी खूपच कमी. असे दोन क्लब सरासरीत टाकले की सरासरी खाली येणारच, त्यासाठी कॉलिंगवूडचा एकही माणूस घरी बसायची गरज नाही. शिवाय तेव्हा रविवारी रात्री मॅचेस ठेवायचा प्रयोग चालला होता, दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा असताना कोण जाणार? वेळापत्रकाचा दोष आणि बेरजेचा दोष, दोन्ही टीव्हीच्या माथी मारले गेले. पुढे सगळ्या मॅचेस लाइव्ह असूनसुद्धा हजेरीने रेकॉर्ड केले, त्यामुळे माझ्या लेखी तरी हा वाद संपलेला आहे.

मग लोक जातात का? माझं उत्तर आहे मेंबरशिप, मैदानाची जागा आणि फिक्स्चर, याच क्रमाने.

मेंबरशिप म्हणजे क्लबचं सीझनभराचं सभासदत्व, वर्षाच्या सुरुवातीला पैसे भरायचे आणि मग ठरलेल्या मॅचेसना आत जायचं. २०१८ ला रिचमंड हा एक लाख मेंबर गाठणारा पहिला क्लब ठरला, नंतर कॉलिंगवूडनेही गाठला, आणि २०२४ ला सगळ्या क्लबचे मिळून १३ लाखांच्या वर मेंबर होते. म्हणजे देशातल्या दर वीस-एकवीस माणसांमागे एक मेंबर! पैसे मार्चमध्येच भरून झालेले असतात, त्यामुळे जुलैच्या थंडीत शनिवारी दुपारी 'जाऊ का टीव्हीवर बघू' हा हिशोब तिकिटाचा राहत नाही, फक्त बाहेर पडायच्या आळसाचा राहतो. आणि बहुतेकांची जागा ठरलेली असते, शेजारी कोण बसणार तेही ठरलेलं असतं, आजी-आजोबांपासून नातवापर्यंत एकाच रांगेत. आपल्याकडे नाटकाचे सीझन तिकीटवाले जुने रसिक असायचे ना, तसलं नातं. यात एक चांगली गोष्ट म्हणजे दोन्ही टीमचे लोक मिसळून बसतात, मध्ये जाळ्या नाहीत की पोलिसांच्या रांगा नाहीत, लहान पोरांना घेऊन जायला कुणी कचरत नाही. ८० हजारांमध्ये बायका-मुलं एवढ्या मोठ्या संख्येने दिसतात ते या कारणामुळे, आणि मला या खेळाचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

जागेचं म्हणाल तर एमसीजी शहराच्या मध्यापासून चालत जाण्याएवढं आहे, रिचमंड आणि जोलिमाँट ही दोन रेल्वे स्टेशनं त्याला खेटून. याच्या उलट उदाहरण वेव्हर्ली पार्क. १९७० ला लीगने स्वतःचं मोठं मैदान म्हणून दूर उपनगरात बांधलं, पण तिथे ट्रेन कधी पोचलीच नाही, गाड्या पार्किंगमधून निघायलाच तास लागायचा, आणि शेवटी २००० ला शहरातल्या डॉकलँड्सचं छत बंद होणारं स्टेडियम उघडलं तसं वेव्हर्ली मागे पडलं. पर्थमध्ये २०१८ ला जुनं सुबियाको सोडून ६० हजारांच्या नव्या स्टेडियममध्ये गेले, ॲडलेडमध्ये २०१४ ला नव्याने बांधलेल्या ॲडलेड ओव्हलवर आले, दोन्हीकडे गर्दी लगेच वाढली. हे लोक आधी नव्हते असं नाही, त्यांना बसायला जागा नव्हती किंवा जायला सोय नव्हती.

फिक्स्चर म्हणजे कोण, कुठे, कधी. मेलबर्न परिसरातच दहा क्लब आहेत, जिलाँग धरून, त्यामुळे बऱ्याच मॅचेसना दोन्ही टीमचे पाठीराखे एकाच शहरातले. हे जगात फार कमी खेळांना मिळतं. लीगला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून सीझनच्या सुरुवातीला रिचमंड-कार्लटन, ॲन्झॅक डे, जूनमधली किंग्ज बर्थडेची मॅच, असे सण ठरवून ठेवलेले आहेत. एखाद्या क्लबची सरासरी हजेरी वाढली असं वाचलं की मी आधी त्यांना यंदा मोठ्या क्लबांबरोबर किती घरच्या मॅचेस मिळाल्या ते बघतो, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आता टीव्ही. इथे भाषा समजून घ्यायला लागते. आपल्याकडे टीआरपी म्हणतात तसं इथे ऑझटॅम नावाची संस्था मोजते. काही हजार घरांमध्ये मीटर बसवलेले, घरातला कोण बघतोय ते बटण दाबून सांगायचं, त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज. एकाच मॅचचे अनेक आकडे निघतात ते तीन प्रश्नांमुळे: सरासरी की रीच? पाच शहरं की अख्खा देश? नुसता टीव्ही की मोबाइल-ॲपवरचं स्ट्रीमिंग धरून?

सरासरी आणि रीचचा फरक हातानेच करून बघा. समजा मॅच १५० मिनिटांची. शंभर लोकांनी पूर्ण पाहिली. आणखी शंभर जण चॅनल बदलता बदलता आले, पंधरा मिनिटं थांबले आणि गेले. रीच झाला २००, कारण रीचमध्ये एक मिनिट थांबलेला माणूससुद्धा पूर्ण एक धरतात. सरासरी किती? शंभर गुणिले १५०, अधिक शंभर गुणिले १५, भागिले १५०, म्हणजे ११०. तीच मॅच, तेच लोक, एक आकडा २०० आणि एक ११०. दोन्ही खरे. २०२४ च्या सुरुवातीपासून इथल्या टीव्ही इंडस्ट्रीने रोजच्या बातम्यांमध्ये रीच पुढे करायला सुरुवात केली, त्यामुळे २०२३ पर्यंतच्या बातम्यांतली सरासरी आणि नंतरचा रीच शेजारी ठेवून कुणी 'प्रेक्षक दीडपट झाले' म्हणत असेल तर तिथेच वाचणं थांबवा. २०२४ च्या ग्रँड फायनलचं उदाहरण घ्या, ब्रिस्बेनने सिडनीला हरवलं ती, रीच ६० लाखांच्या वर आणि सरासरी ४० लाखांच्या आसपास. २०२३ ला महिला फुटबॉल वर्ल्ड कपची मटिल्डाज (ऑस्ट्रेलियाची महिला टीम) विरुद्ध इंग्लंड सेमीफायनल झाली तेव्हाही हेच, सरासरी ७० लाखांच्या वर आणि रीच १ कोटी १० लाखांच्या वर. (ती मॅच इथल्या टीव्हीच्या इतिहासातला खरोखर मोठा दिवस होता, कुठल्याही आकड्याने मोजा.)

पाच शहरांचा घोळ जुन्या आकड्यांमध्ये येतो. पूर्वी हेडलाइन असायची ती फक्त सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, ॲडलेड, पर्थची. २००५ ची ग्रँड फायनल, सिडनी विरुद्ध वेस्ट कोस्ट, त्या पाच शहरांतच ३३ लाखांच्या वर होती. २०२० च्या फायनलचा ३८ लाखांचा आकडा सांगतात तो ग्रामीण भाग धरून. वरवर २०२० मोठं दिसतं, पण पाच शहरं पाच शहरांशी लावली तर २००५ पुढे आहे.

२०२० वर थोडं थांबतो कारण त्याच्याएवढं बोलकं वर्ष नाही. कोविडमुळे ग्रँड फायनल पहिल्यांदाच मेलबर्न सोडून ब्रिस्बेनच्या गॅबावर झाली, पहिल्यांदाच रात्री, प्रेक्षक फक्त २९,७०७. मेलबर्न लॉकडाउनमध्ये, दोन्ही टीम व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्नच्याच राज्यातल्या, रिचमंड आणि जिलाँग. टीव्हीचा आकडा आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी वर गेला. लोक म्हणाले मैदानातले लोक घरी बसले म्हणून वाढला. पण हिशोब करा, मैदानात मावतात एक लाख, वाढ आहे आठ-नऊ लाखांची. एरवी ग्रँड फायनलच्या दिवशी अर्धं शहर पबमध्ये नाहीतर कुणाच्या तरी परसात बार्बेक्यूला जमलेलं असतं, मीटर बसवलेलं असतं घरात, पबमधली माणसं त्यात येत नाहीत. त्या वर्षी पब बंद, एकमेकांच्या घरी जायला बंदी, प्रत्येक घर आपापल्या टीव्हीसमोर. शिवाय रात्रीची वेळ. टीव्ही बघणाऱ्यांची मोजणी जेवढी नीट त्या वर्षी झाली तेवढी एरवी होत नाही, असं माझं मत आहे.

आणि गर्दी व रेटिंग किती वेगळ्या गोष्टी आहेत ते दाखवायला मी नव्या मुलांना दोन ग्रँड फायनल्स शेजारी ठेवून देतो. २०१६, वेस्टर्न बुलडॉग्स विरुद्ध सिडनी, हजेरी ९९,९८१. २०१९, रिचमंड विरुद्ध जायंट्स, हजेरी १,००,०१४. फरक फक्त ३३ माणसांचा. टीव्हीवर मात्र देशभरात पहिली ४० लाखांच्या वर, दुसरी ३० लाखांच्याही खाली. का? बुलडॉग्सनी १९५४ नंतर एकदाही कप जिंकला नव्हता, सगळा देश त्यांच्या बाजूने, समोर सिडनीसारखं मोठं शहर, आणि मॅच शेवटच्या क्वार्टरपर्यंत अडकलेली. २०१९ ला जायंट्सचे पाठीराखेच थोडे, आणि रिचमंडने ८९ पॉइंटनी धुतलं, जायंट्सचे सगळ्या मॅचमध्ये तीन गोल. घरातल्या माणसाने अर्ध्यातच रिमोट उचलला. मैदानातल्या माणसाचा आकडा गेटमधून आत येतानाच पक्का होतो, तो कंटाळून तिसऱ्या क्वार्टरला गेला तरी हजेरीत राहतो. टीव्हीवाला मिनिटामिनिटाला मोजला जातो. म्हणून फायनलची हजेरी बघून मॅच किती गाजली ते कळत नाही, ते फक्त स्टेडियम किती मोठं आहे ते सांगतं.

मग चॅनल एवढे पैसे का मोजतात? २०२५ ते २०३१ या सात वर्षांसाठी सेव्हन (फुकट दिसणारं चॅनल), फॉक्सटेल (फॉक्सवाली कंपनी) आणि टेलस्ट्रा ही टेलिफोन कंपनी मिळून साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर देणार आहेत. त्यातलं एक कारण खेळातच आहे. गोल झाला की बॉल मैदानाच्या मध्यभागी परत आणावा लागतो, अंपायर तो घेऊन उभा, खेळाडू आपापल्या जागी जातात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात सेव्हनची एक जाहिरात आरामात बसते. दोन्ही टीमचे मिळून चोवीस-पंचवीस गोल सहज होतात, म्हणजे तेवढे स्पॉट, आणि ते सुद्धा अशा क्षणी की माणूस रिमोटला हात लावणार नाही, कारण तीस सेकंदांत खेळ सुरू होणार. क्वार्टरमधल्या लांब ब्रेकला लोक उठून चहा करतात, त्यापेक्षा गोलनंतरचा स्पॉट मला केव्हाही जास्त मोलाचा वाटतो. फॉक्स मात्र खेळ चालू असताना जाहिरात घेत नाही, त्यांचं गणित महिन्याच्या वर्गणीवर. म्हणून एकाच मॅचच्या दोन चॅनलच्या आकड्यांची किंमत सारखी नसते, फॉक्सवरचा दीड लाखाचा प्रेक्षक पैसे भरून आलेला असतो.

एएफएल मोठी की एनआरएल, म्हणजे रग्बी लीगची स्पर्धा, हे पण विचारलं जातंच. मैदानात एएफएल, यात वादच नाही, एनआरएलची सरासरी वीस हजारांच्या आसपास. टीव्हीवर मात्र एनआरएल तोडीस तोड असते आणि कधी पुढे जाते, कारण तो खेळ दोन तासांत आटोपतो, चौकोनी मैदान कॅमेऱ्यात छान बसतं, आणि सिडनी-ब्रिस्बेनमध्ये त्याला बघणारे घरात बसून बघतात. एएफएलची मॅच अडीच तास चालते, त्यामुळे सरासरी काढली की तोटा आणि एकूण किती तास पाहिलं गेलं ते मोजलं की फायदा. दोन्ही लीग आपापल्या सोयीचा आकडा पुढे करतात. इयन टर्नर या इतिहासकाराने १९७८ ला 'बरासी लाइन' ही कल्पना मांडली, देशाच्या नकाशावर एक रेष, एका बाजूला फूटीवाले आणि दुसऱ्या बाजूला रग्बीवाले, ती रेष रेटिंगच्या शहरवार तक्त्यात आजही डोळ्यांना दिसते.

महिलांच्या लीगचाही एक आकडा सांगतो. २०१७ ला एएफएलडब्ल्यूची पहिली मॅच प्रिन्सेस पार्कवर झाली, २४,५६८ लोक आत गेले आणि गेट बंद करावं लागलं, बाहेर लोक उभे. २०१९ ची फायनल ॲडलेड ओव्हलवर, ५३,०३४. दोन्ही वेळा प्रवेश मोफत होता, त्यामुळे पुढे तिकीट लागल्यावर आकडा उतरला तर ते घसरण म्हणून वाचू नका, ती वेगळी मोजणी आहे. पण फुकट असलं तरी ५३ हजार माणसं आपणहून आली होती, हे विसरून चालत नाही.

पुढच्या काही वर्षांत हाच गोंधळ टास्मानियाच्या बाबतीत होणार आहे म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. २०२८ ला टास्मानिया डेव्हिल्स एकोणिसावा क्लब म्हणून यायचा आहे, होबार्टमध्ये २३ हजारांचं स्टेडियम व्हायचं आहे. ते प्रत्येक मॅचला काठोकाठ भरलं तरी लीगची सरासरी खालीच ओढणार, आणि बातमी येणार की फूटीची गर्दी घटली. दुसरीकडे २०२४ ला त्यांनी १० डॉलरची मेंबरशिप काढली तर त्याच वर्षी २ लाखांच्या वर लोकांनी घेतली, राज्याची वस्ती पावणेसहा लाखांच्या आसपास असताना, आणि त्यात बाहेरच्या राज्यांतले लोकही आहेत. तो उत्साह मला मनापासून भावतो, पण १० डॉलरची मेंबरशिप म्हणजे स्टेडियममधली खुर्ची नव्हे. त्या क्लबचं कसं चाललंय ते बघायचं असेल तर पहिल्या सीझनची सरासरी आणि ते २ लाख दोन्ही बाजूला ठेवा, आणि तिसऱ्या वर्षी पूर्ण पैसे भरून सीझनभराची जागा घेणारे किती उरलेत ते विचारा.